झोळी दिसली, रस्ता दिसला नाही

आमच्या नंदुरबार जिल्ह्याची बातमी राज्याच्या पडद्यावर ठरलेल्या वेळी येते. पावसाळा लागला की बांबूच्या झोळीतून नेलेली बाळंतीण. उन्हाळ्यात पाण्याचे हंडे. होळीला काठी गावचा नाच, मोरपिसं, घुंगरं. मधल्या काळात कुपोषण. बातमी दोन-तीन मिनिटांची असते आणि ती संपायच्या आत बघणाऱ्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो, कोण चांगलं आणि कोण वाईट. मी धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर सव्वीस वर्षं मास्तरकी केली, आता तळोद्याला राहतो. बातमीतले पाडे मी पायी हिंडलेलो आहे. निकाल देणारी माणसंही माझीच आहेत: शेजारी, सोयरे, जुने विद्यार्थी. त्यांच्याशी मला भांडायचं नाही, बोलायचं आहे. म्हणून हे मुद्दे.

१. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. त्या दिवशी एका वयस्क माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याच्या दिशेने पायी निघाला. वाटेतच ती गेली. ते दृश्य राज्यभर दाखवलं गेलं.

मी तेव्हा बसस्टँडजवळच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. टपरीवाल्याने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आजूबाजूला पाच-सहा जण वाकून बघत होते. एक जण म्हणाला, ‘याला म्हणतात प्रेम.’ त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. दुसरा म्हणाला, ‘आधी भगताकडे बसले असतील, मग दवाखाना आठवला.’ त्याचा रागही खरा होता. त्यातला एक जण त्याच घाटातून पिकअप चालवतो. कुठल्या वळणावर दगड येतात ते त्याला पाठ आहे. तरी चहा संपेपर्यंत जे बोलणं झालं, त्यात घाटाचा विषय निघाला नाही. दरड पडल्यावर जेसीबी किती तासांनी पोचतो, पावसाळ्यात घाटाच्या दोन्ही बाजूंना रुग्णवाहिका उभी असते का, वरच्या पाड्यांसाठी जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, तिथे त्या दिवशी डॉक्टर होता का, यातलं एकही वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. माझ्याही नाही.

नवऱ्याला थोर म्हटलं काय आणि अडाणी म्हटलं काय, दोन्हीकडे बातमी त्या दोन म्हाताऱ्या जिवांपुरतीच उरते. माणसाच्या गुणदोषांकडे इतकं टक लावून पाहिलं की त्याच्या पायाखालचा रस्ता दिसेनासा होतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचे मुद्दे त्याचीच उदाहरणं.

२. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते. पोराच्या डाव्या दंडाला गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. माझ्या शेवटच्या शाळेची आणि अंगणवाडीची भिंत एकच होती. एका वर्षी ऊसतोडीला गेलेली कुटुंबं होळीसाठी परतली, तेव्हा सेविकेने एका दीड वर्षाच्या पोराला ती पट्टी लावली. दिवाळीला ते पिवळ्यात होतं, आता लालमध्ये गेलेलं. आई शेजारी उभी होती. तिच्या तळव्यांना उसाच्या पानांनी बारीक चिरा पडल्या होत्या, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. तिने सेविकेला काही विचारलं नाही. पट्टीकडे बघितलं, पोराला उचललं आणि त्याच्या दंडावरून अंगठा फिरवत राहिली.

दिवाळीनंतर आमच्या डोंगरातून ट्रकच्या ट्रक माणसं गुजरातेत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचं नाही. आई अंधारात फडात जाते, पोर पालाजवळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत त्या पोराच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि जिथे ते जातं तिथल्या वहीत त्याचं नावच नसतं. ज्या चार महिन्यांत त्याला सगळ्यात जास्त सांभाळायला हवं, त्या चार महिन्यांत ते कुणाच्याच हिशेबात नाही.

अशा पोराची बातमी लागली की ठरलेली दोन मतं ऐकू येतात. पोसता येत नाही तर जन्माला कशाला घालता, हे एक. पोरीबाळींची लग्नं लावतात मग दुसरं काय होणार, हे दुसरं. दुसऱ्यात तथ्य आहे. बालविवाह आमच्याकडे होतात आणि ते थांबलेच पाहिजेत. शाळेतून मधेच उठून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांची नावं मला अजून आठवतात. पण २०२२ साली राज्य सरकारनेच मुंबई उच्च न्यायालयापुढे ठेवलेला हिशेब बघा. १६ आदिवासी जिल्ह्यांत तीन वर्षांत कुपोषणाने ६,५८२ बालकं गेली आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा नंदुरबारचा होता. या बालकांच्या आयांपैकी अल्पवयीन होत्या सुमारे एक दशांश. बाकीच्या आया वयाने जाणत्या होत्या. त्यांच्याबद्दल आपण काय म्हणणार? एका दशांशावर बोट ठेवून नऊ दशांश मृत्यूंचा निकाल लावता येत नाही.

३. शिवीबद्दल बोललो, आता शाबासकीबद्दल. हा मुद्दा पुष्कळांना आवडणार नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत चिमलखेडीची अंगणवाडी सेविका देशभरच्या बातम्यांत आली. नर्मदेच्या काठची ती गावं. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, त्यांतल्या कित्येक पाड्यांना आजही पाणी हाच रस्ता आहे. साथीच्या भीतीने बाया-पोरं अंगणवाडीपर्यंत येईनाशी झाली, तेव्हा या बाईने मासेमाराची लहान नाव मागून घेतली आणि स्वतः वल्हवत आडवाटेच्या पाड्यांवर जाऊ लागली. पोरांची वजनं घेतली, गरोदर बायांना आहार पोचवला. तिचं कौतुक झालं ते योग्यच होतं. तिच्या हातांना मीही नमस्कार करतो.

पण कौतुक करून आपण थांबलो. सेविकेला नाव मागून का घ्यावी लागली, खात्याची नाव का नव्हती, तिच्या मानधनात वल्हवण्याचे तास कुठे मोजले, हे विचारायचं राहून गेलं. आणि त्याचा परिणाम दुसऱ्या बायांवर झाला. पुढच्याच वर्षी एका बैठकीत मी ऐकलं, एका सेविकेने पाड्यावर जायला वाट नाही अशी तक्रार केली तेव्हा वरिष्ठ तिला म्हणाले, ‘ती नदी ओलांडून जाते, तुम्हाला चालत जायला काय होतं?’ ती गप्प बसली. एकीचं असामान्य धैर्य दुसरीच्या रोजच्या कामाची अट झालं. कौतुक करताना आपल्याला वाटतं यात कुणाचं काय नुकसान, म्हणून हे लिहून ठेवतोय.

चांगलं कौतुक कसं असतं तेही आमच्याच जिल्ह्यात दिसलं. २०२१च्या उन्हाळ्यात मोठमोठ्या शहरांत प्राणवायूसाठी माणसं तडफडत होती, तेव्हा नंदुरबारने आधीच्या काही महिन्यांत स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभे करून ठेवले होते. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव देशभर झालं. त्या वेळी लोकांनी नुसती वाहवा केली नाही. पैसा कुठून आणला, आधी कसं सुचलं, आमच्या जिल्ह्यात का नाही, असं विचारलं. तो प्रश्न पुण्या-नाशकात, विदर्भात, परराज्यांत विचारला गेला आणि तिथल्या यंत्रणांना त्याचं उत्तर द्यावं लागलं. कौतुकातून काम निघू शकतं ते असं.

४. आता राईनपाडा. हे लिहिताना हात जड होतो, पण हे टाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

१ जुलै २०१८, रविवार. १९९८ साली याच तारखेला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, म्हणजे त्या दिवशी वीस वर्षं पूर्ण होत होती. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा आमच्या हद्दीपासून लांब नाही. तिथे आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागून जगणारे, एसटीतून तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. त्याची चित्रफीत त्याच दिवशी मोबाइलवरून फिरली.

आता माझी गोष्ट. मुलं पळवणाऱ्या टोळीचा तो संदेश जूनमध्ये आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला होता. टाकला होता थोरल्या काकांनी. मला तो खोटा आहे हे वाचताक्षणी कळलं होतं: गावाचं नाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाणं नाही. शाळेत पोरांना मी हेच शिकवायचो, की कुणी, कुठे, केव्हा सांगितलं ते आधी विचारा. पण मी काकांना विचारलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं, असं मनात आलं. ग्रुपवर आम्ही चाळीसच्या वर माणसं होतो. त्यात शिक्षक होते, एक वकील होता, तलाठी होता. एकानेही ओळ लिहिली नाही. ‘सावध राहा’ म्हणून चौघांनी हात जोडले.

राईनपाड्याची बातमी आली तेव्हा त्याच ग्रुपवर, त्याच माणसांनी लिहिलं की आदिवासी लोक रानटी आहेत, शिक्षण नाही, हे असंच करणार. म्हणजे अफवा पुढे ढकलणारे आम्ही, तिला गप्प राहून मान्यता देणारा मी, आणि रानटी ते. ज्यांनी मारलं त्यांचा गुन्हा त्यांच्या पदरात आहेच, तो कोर्टात चालायचा. पण तो संदेश पाड्यावर तयार झालेला नव्हता. तो शिकल्या-सवरल्या घरांच्या मोबाइलमधून तिथे पोचला होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले, व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते झालं ते बरं झालं. पण थोरल्या काकांना एक वाक्य लिहिण्याचं काम सर्वोच्च न्यायालय करू शकत नव्हतं. ते माझं होतं.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे पुन्हा तसंच घडलं, चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. या वेळी बघणाऱ्यांनी बातमी पुरती ऐकायच्या आधीच मारणाऱ्यांचा धर्म ठरवून टाकला. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादी जाहीर करून तो समज खोडावा लागला.

५. देज. भिल्ल, पावरा समाजात लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना रक्कम देतात, तिला देज म्हणतात. बातमीत हा शब्द आला की सपाटीवरचा माणूस लगेच म्हणतो, पोरी विकतात. म्हणणाऱ्याच्या घरात हुंडा दिलेला-घेतलेला असतो, १९६१च्या कायद्याने बंदी असूनही, आणि त्याला कुणी मुलगा विकला म्हणत नाही. देजेचेही वाईट प्रकार आहेत. रक्कम फुगत चालली आहे, ती फेडायला नवं जोडपं थेट ऊसतोडीला जातं. ते बोललं पाहिजे आणि समाजातली तरुण मुलं-मुली ते बोलतातही. पण २०११च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका होत्या आणि नंदुरबारात ९७८. मुलीच्या जन्माबद्दल कुणी कुणाला शिकवायचं, ते या आकड्यांकडे बघून ठरवावं.

काठी गावच्या होळीचंही असंच होतं. उघडी अंगं आणि रंगवलेल्या छात्या बघून लोक हसतात किंवा नाकं मुरडतात. नाचणारा तो माणूस नवसाचा असतो, पाळणी पाळत असतो. कितीतरी दिवस खाटेवर पाठ टेकत नाही, बायकोपासून लांब राहतो. एखाद्या वारकऱ्याच्या व्रताला आपण जो मान देतो, तोच त्याचा हक्क आहे.

सगळंच त्यांच्या रीतीचं म्हणून सोडून द्या, असं मी म्हणत नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळणं हे कुठल्याही रीतीत बसत असलं तरी पाप आहे आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे. तिथे बोललंच पाहिजे. फक्त बोलताना एवढं ध्यानात ठेवावं की त्या बाईला घरात लपवणारी शेजारीणही त्याच पाड्यातली असते.

६. २०२२ साली धडगाव तालुक्यातल्या एका बापाने आपल्या मुलीचा मृतदेह ४४ दिवस मिठात पुरून ठेवला. मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी आत्महत्या धरली होती. पुन्हा शवविच्छेदन व्हावं म्हणून त्याने शेताजवळ खड्डा केला, मीठ आणलं. सप्टेंबरात बातमी फुटली आणि मृतदेह मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेला गेला.

खरं काय घडलं ते तपासाने ठरायचं, मी त्यात पडत नाही. मी त्या ४४ दिवसांबद्दल बोलतो. ऑगस्टचा पाऊस, डोंगराचा उतार, आणि एक शेतकरी रोज त्या खड्ड्याकडे बघतोय की मीठ विरघळलं तर नाही. मीठ टिकवून ठेवतं हे त्याला ठाऊक होतं. बातमी लागल्यावर काहींनी त्याला अघोरी म्हटलं. आणि मुलीबद्दल, अशा प्रत्येक बातमीत विचारतात तेच, ती तिथे गेलीच कशाला, असंही बोललं गेलं. हे मी बायकांच्या तोंडूनही ऐकलं. गेलेली मुलगी उत्तर द्यायला येत नसते. अत्याचाराच्या प्रकरणात मुलीचं नाव उघड करायला कायद्याने बंदी आहे, पण नाव न घेता तिच्या चारित्र्याची चर्चा करायला कुणाची बंदी नाही. ती बंदी आपणच आपल्यावर घालून घ्यायची असते.

७. ज्यांच्याबद्दल हे सगळं बोललं जातं त्यांच्यापर्यंत ते पोचतं का? बहुतेक वेळा नाही. वरच्या पाड्यांत रेंजसाठी अजूनही टेकडीवर चढावं लागतं. बोली पावरी, भिली, मावची. बातमी प्रमाण मराठीत. २०११ला जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. एक बाई कॅमेऱ्यासमोर पावरीत दोन मिनिटं बोलते आणि खाली मराठीत एक ओळ येते. मला पावरी येते म्हणून कळतं, की तिने ग्रामसेवकाला तीन वेळा भेटल्याचं सांगितलं होतं, खालच्या ओळीत फक्त ‘आम्हाला मदत करा’ एवढंच उरलं. तक्रार करणारी बाई पडद्यावर येईपर्यंत याचक झालेली असते. मग बघणाऱ्याने तिची कीव केली किंवा तिला फुकटी म्हटलं, यात सगळा दोष त्याचाही नाही.

८. मग करायचं काय? लोकांच्या तोंडाला पोलीस लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. २०१२ साली पालघरच्या दोन तरुण मुलींना एका साध्या मजकुरासाठी अटक झाली होती. जे कलम लावलं होतं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. तो रस्ता नको.

बातमी देणाऱ्यांना माझं सांगणं असं. आमच्याकडची बातमी करताना हे काम कुणाचं होतं आणि ते कधी व्हायला हवं होतं, एवढ्या दोन गोष्टी पडद्यावर लिहा. झोळी जरूर दाखवा, पण त्याच बातमीत रस्त्याचं काम कुठे अडलं आहे तेही दाखवा. पोरांच्या उघड्या बरगड्यांचे फोटो नकोत, पट्टीचा रंग दाखवला तरी समजतं. पावरी-भिली बोलणाऱ्याचं पूर्ण म्हणणं मराठीत द्या. जिल्ह्यात दोन्ही भाषा येणारी शेकडो शिकलेली मुलं आहेत, त्यांना त्या कामाचे पैसे द्या. आणि तीन महिन्यांनी परत या.

बघणाऱ्यांना, म्हणजे स्वतःलाही, सांगतो. मत द्यायच्या आधी एक प्रश्न लिहा. प्रश्न तालुक्याच्या कार्यालयाला, आमदाराला, खात्याला असू दे. आणि घरातल्या ग्रुपवर खोटं काही आलं तर त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, आदराने लिहा: काका, हे कुठून आलं? मी आता लिहितो. काका पहिल्या वेळी रागावले होते. आता टाकायच्या आधी मला फोन करून विचारतात.

तिसरी गोष्ट गावांनी करायची आहे. नंदुरबारचा बराचसा भाग पाचव्या अनुसूचीत येतो, पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला मोठा अधिकार आहे. गावावर बातमी झाली की ती ग्रामसभेत मोठ्या पडद्यावर लावावी, पावरीत किंवा भिलीत समजावून सांगावी आणि गावाचं उत्तर ठरावात लिहून त्या वाहिनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावं. बातमीत काय खरं, काय सुटलं, कुणाचं काम राहिलं. १५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. मी ओळखतो त्या दोन गावांच्या सरपंचांशी बोललो आहे. प्रोजेक्टर शाळेत आहे, ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, आणि पावरीत सांगायला माझी जुनी विद्यार्थिनी येते आहे. ती आता तिथेच आशा सेविका आहे आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका बातमीत झोळीचं पुढचं टोक तिच्याच खांद्यावर होतं.